पाच वर्षांची गोळी



 अध्यक्ष या नात्याने आज मला बोलायचे आहे ते रोज एक घ्यायच्या गोळीबद्दल: लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅम, अॅनास्ट्रोझोल 1 किंवा एक्झेमेस्टेन 25. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, केमो, शेक चालू असतात तेव्हा अख्खे घर रुग्णालयात असते. ही गोळी सुरू होते तेव्हा बाई गावी परतलेली असते. मोठ्या रुग्णालयाचे काम बरेचसे संपलेले असते आणि आपले, तालुक्याच्या डॉक्टरांचे, सुरू झालेले असते. ते आपण आपले मानत नाही, ही माझी तक्रार आहे.

ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये प्रसिद्ध केले की अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांच्या स्तनाची गाठ ओसरते. अंडाशयातून येऊन अशा गाठीला पोसणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा शोध तेव्हा लागायचा होता. पण पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, मग गाठीला इस्ट्रोजेन मिळते कुठून? अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजेन बनवत राहतात. चरबी, स्नायू आणि खुद्द स्तनातले अॅरोमाटेज हे विकर त्यांचे इस्ट्रोजेन करते. टॅमॉक्सिफेन हे दुसरे औषध पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या कुलपात अडकून बसते. आपल्या या तीन गोळ्या मात्र अॅरोमाटेजच अडवून किल्ली घडूच देत नाहीत. संशोधक अँजेला ब्रॉडी यांनी अशा औषधांसाठी आयुष्य वेचले, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. 2015 मध्ये सुमारे 32,000 स्त्रियांच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपेक्षा पाच वर्षे ही गोळी घेणाऱ्यांमध्ये दहा वर्षांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे 15 टक्क्यांनी कमी होते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची टॅमॉक्सिफेनची जोखीमही इथे नाही.

मात्र हे सारे गाठ संप्रेरकाला प्रतिसाद देणारी असेल तरच, आणि ते ठरते रिसेप्टरच्या, म्हणजे त्या कुलपाच्या, रिपोर्टवर. गाठ काढल्यावर तासाभरात पुरेशा फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे. ती तशीच कोरडी पडून राहिली, तर पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसू शकते, आणि त्या बाईला ही गोळी कधी लिहूनच दिली जात नाही. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरांना मी विशेष विनंती करते: बरणी आधी भरून ठेवा, गाठ काढल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्राची आहे. आपल्याकडे चाळिशीच्या आत गर्भपिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांमुळे 2019 मध्ये हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. अशी बाई सांगते, ‘पाळी कधीच गेली.’ पण अंडाशय जागेवर असले तर ते चालू असू शकतात. तिथे नुसती ही गोळी दिली की इस्ट्रोजेन उतरते, मेंदूतली पीयूषिका ग्रंथी अंडाशयाला आणखी चाबूक मारते आणि औषध निष्प्रभ ठरते. वंध्यत्वात लेट्रोझोल वापरतात ते याच गुणासाठी. म्हणून पिशवी काढली का, एवढे विचारून थांबू नका; अंडाशय ठेवले होते का ते विचारा, जुने कागद मागवा, शंका असेल तर रक्तातले इस्ट्राडायॉल व एफएसएच तपासा. केमोने पाळी थांबलेल्या बाईलाही हेच लागू आहे. तिचे अंडाशय पुन्हा जागे होऊ शकतात.

आता या गोळीने दुखणारे सांधे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या बाईची सकाळी बोटे वळली नाहीत, तर तिचा रोज बुडतो. आजार तर दिसत नाही, दुखणे मात्र रोजचे. गोळी बंद करावीशी वाटते यात नवल काय? तिला हट्टी म्हणू नका. हे दुखणे गोळीचे आहे हे आधीच सांगा. नियमित चालण्या-व्यायामाने ते कमी होते. तरी राहिले तर याच गटातली दुसरी गोळी किंवा टॅमॉक्सिफेन देता येते. इस्ट्रोजेन उतरल्याने हाडे ठिसूळ होतात, म्हणून सुरुवातीलाच हाडांची घनता मोजा. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेनुसार झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन द्या.

गोळीच्या आधी गाठ वेळेवर सापडायला हवी. टाटा रुग्णालयाने मुंबईत 1998 पासून दीड लाख स्त्रियांवर केलेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. ही गोळी घेणाऱ्या बहुतेक बायका याच वयाच्या. म्हणजे गाठ लवकर हाताला लागणे आणि पाच वर्षे गोळी पोटात जाणे, दोन्ही कामे मोठ्या यंत्राशिवाय आपल्या तालुक्यांत होऊ शकतात.

दुपारच्या सत्रात माझा एकच प्रस्ताव आहे. अशा प्रत्येक बाईला पिवळे कार्ड द्यावे. त्यावर रिसेप्टरचा रिपोर्ट, अंडाशयांची स्थिती, गोळी सुरू केल्याची तारीख आणि दर तीन महिन्यांनी सांध्यांची विचारपूस यांची नोंद असावी. औषध न्यायला ती आली नाही, तर दुकानदाराने तिच्या डॉक्टरांना फोन करावा. मसुदा तयार आहे, दुरुस्त्या सुचवा.