डब्यातलं भजन आणि माझा कॉल

ट्रेनमध्ये ऐकत असाल तर आधी बॅग पुढे घ्या, मग बोलू.

मी राहतो विठ्ठलवाडीला. बऱ्याच जणांना हे नाव ऐकलं की पंढरपूर आठवतं, कुणाला पुणं आठवतं. आमची विठ्ठलवाडी म्हणजे कर्जत लाइनवर कल्याणच्या पुढचं पहिलं स्टेशन. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. मी बीटेक केलं, आता ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे रोज विठ्ठलवाडी ते ठाणे, आणि तिथून ट्रान्सहार्बर. घर ते ऑफिस आणि परत, दिवसाचे तीन तास यातच जातात.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडे कार्यक्रम होत नाहीत असं नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आहे. कल्याणपर्यंत रेल्वे आली १८५४ मध्ये, म्हणजे रेल्वेनंतर दहाच वर्षांनी पुस्तकं आली! कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. पाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ पासून निघते. २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय साहित्य संमेलनही डोंबिवलीतच झालं. दिवाळीच्या सकाळी फडके रोडला पाय ठेवायला जागा नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण सांगा, कामाच्या दिवशी संध्याकाळचा कार्यक्रम सुरू होतो तेव्हा आपण कुठे असतो? मुंब्र्याच्या आसपास, एका पायावर! ओपन माइक बघायचा तर अंधेरी, वांद्रे. तो संपला की शेवटच्या गाडीचं टेन्शन. त्यामुळे मी वर्षानुवर्षं एकच रडगाणं गायचो, 'आपल्याकडे आपल्यासाठी काही नाही यार.'

आणि हे म्हणताना मी रोज सकाळी एका कार्यक्रमातच उभा असायचो. कानात हेडफोन घालून.

आमच्या सकाळच्या गाडीत एक भजनी मंडळ आहे. अंबरनाथहून बसून येतात. टाळांच्या दोन-तीन जोड्या, एक ढोलकी, आणि ज्याच्याकडे काही नाही तो डब्याचा पत्रा वाजवतो. कुणी बँकेत, कुणी कारखान्यात, कुणी कोर्टात शिपाई. एक जण म्हणतो, बाकीचे मागून उचलतात. माझ्यासाठी तो फक्त आवाज होता, नॉइज कॅन्सलेशन चालू करून घालवायचा.

मागच्या वर्षी ३१ जुलैची गोष्ट. रात्रभर आमचं रिलीज चाललं होतं, पहाटे तीनला झोपलो. सकाळी प्रॉडक्शनला काहीतरी फुटलं आणि गाडीत असतानाच कॉल आला. मी सांगतोय की कुठला बदल मागे घ्यायचा, आणि मागे टाळ. पलीकडून कुणीतरी विचारलं, 'देवळात आहेस का?' सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी वळलो आणि ओरडलो, "ओ काका, बंद करा ना! लोक कामाला चाललेत!"

बंद झालं. एकदम. वादावादी होईल असं वाटलं होतं, तसं काहीच झालं नाही. ढोलकीवाल्या काकांनी ढोलकी पिशवीत घातली. डोंबिवली गेलं, दिवा गेलं. डब्यात फक्त पंख्यांचा आवाज आणि कुणाच्यातरी मोबाइलवरचे रील्स. माझा कॉल दोन मिनिटांत संपला होता. पण 'आता वाजवा' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

कळवा गेल्यावर पेढ्यांचा बॉक्स फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. ढोलकीवाले काकाच म्हणाले, "घे रे बाळा. आज रिटायर होतोय."

महिन्याचा शेवटचा दिवस. माझ्या लक्षात यायला हवं होतं. बाबाही असेच ३१ तारखेला रिटायर झाले होते. मी पेढा घेतला. 'सॉरी' म्हणेपर्यंत ठाणं आलं आणि गर्दीने मला खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात गेलो. भजन चालू होतं, ढोलकी नव्हती. मी त्यांच्यातल्या एकांना म्हटलं, कालच्याबद्दल माफ करा. ते म्हणाले, "त्यांना सांग की. दसऱ्याला डब्याची पूजा असते, तेव्हा येणार आहेत."

गेलो. डब्याला झेंडूची तोरणं, हँडलांना फुलं. काका आले, ढोलकी घेऊनच. मी माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, तुझा कॉल खरंच महत्त्वाचा होता का?" म्हटलं, हो, होता. म्हणाले, "मग झालं." नंतर त्यांनी विचारलं, "तू पॉडकास्ट करतोस म्हणे. आमचं कधी रेकॉर्ड केलंस?"

तीस वर्षांचं भजन आणि एकही नीट रेकॉर्डिंग नाही. म्हणून त्या दिवशी सगळ्यांना विचारून कल्याण ते ठाणे रेकॉर्ड केलं. त्यात 'पुढील स्टेशन' आहे, 'आत सरका' आहे, चणेवाला आहे. ते ऐकवणार नाहीये, कारण फाइल त्यांच्यासाठी केली होती. काकांना पाठवली, त्यांनी नातवाला ऐकवली.

आता दुसरी बाजूही बोलतो. मंडळाच्या नावाखाली जागा धरून ठेवणं मला आजही पटत नाही, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. ज्याला बरं नाही, जो नाइट शिफ्ट करून आलाय, त्याला शांतता मागायचा हक्क आहेच. माझी चूक शांतता मागण्यात नव्हती, मागायच्या पद्धतीत होती. 'काका, दोन मिनिटं कॉल आहे' एवढंच पुरलं असतं. आता कॉल असला की तेवढंच म्हणतो. थांबतात. कॉल संपला की मान हलवतो, सुरू करतात.

ज्यांना नाट्यगृहापर्यंत पोचता येत नाही, त्यांनी तीन तासांतला अर्धा तास स्वतःसाठी काढला, एवढंच ते भजन आहे. तिकीट पासातच आलं.

तर मंडळी, एक काम. उद्या एक स्टेशनभर हेडफोन काढा. तुमच्या डब्यात काय चालतं ते मला लिहून कळवा. भजन, अंताक्षरी, पत्ते, भाजी निवडणं, काहीही चालेल. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा.

चला, ठाणं आलं. भेटू पुढच्या भागात!