नाव नसलेली बाटली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते रसायनशास्त्र शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकवली. तरीही आज मी प्रयोगशाळेच्या मोरीविषयी बोलणार आहे. कारण हा प्रश्न मुळात नावाचा, म्हणजे काहीसा माझ्याच विषयाचा आहे.

मी ज्या महाविद्यालयात शिकवीत असे तेथे माझा वर्ग रसायनशाळेला लागून होता. एका दुपारी तेथील परिचराने उरलेली दोन द्रावणे एकाच मोरीत ओतली. एकात सल्फाइड होते, दुसऱ्यात आम्ल. सडक्या अंड्यांचा दर्प आला आणि थोड्याच वेळात तो येईनासा झाला. हायड्रोजन सल्फाइड वाढला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटते, धोका टळला. परिचर कोसळला, पण सुदैवाने वाचला. दोन्ही बाटल्यांवर चिठ्ठी नव्हती. ठपका मात्र त्याच्यावर आला. तो मला आजही मान्य नाही.

याहून दारुण प्रसंग दिल्लीचा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक उपकरण वर्षानुवर्षे वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले. एप्रिलमध्ये एक कामगार दगावला, कित्येक आजारी पडले. ते उपकरण काय आहे हे जाणणारी माणसे त्या विभागात एके काळी होतीच की! ती गेली आणि त्यांच्याबरोबर उपकरणाची ओळखही गेली.

आपल्या भरवेलीच्या खाणीतून मँगनीज निघते. पोटॅशियम परमँगनेटही मँगनीजपासूनच बनते. खाणीची माती कोठे टाकली ते गावाला दिसते. मोरीतून वैनगंगेच्या वाटेला काय लागले ते दिसत नाही. पाण्याने आम्ल सौम्य होते, परंतु शिसे, पारा, क्रोमियम नाहीसे होत नाहीत. म्हणून जड धातूंचे द्रावण, सेंद्रिय द्रावके, आम्ले आणि अल्कली यांच्यासाठी स्वतंत्र बरण्या हव्यात. बरणीवर नाव आणि तारीख हवी, तीही परिचराला वाचता येईल अशा भाषेत. केवळ रासायनिक सूत्र लिहिणे म्हणजे अर्धीच चिठ्ठी. नारिंगी डायक्रोमेट आम्लात फेरस सल्फेटने हिरवे होते, त्याचा विषारीपणा बराच उतरतो. मग चुन्याने बसणारा साका मोरीत न टाकता जपून ठेवायचा. हा प्रयोग विद्यार्थ्यांकडूनच, शिक्षकांसमोर, करवून घ्यावा. परीक्षेत त्याला गुण मिळाले तर फारच उत्तम.

साठलेल्या बरण्या शेवटी अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच जायला हव्यात. हे काम लांबले की काय होते ते आपल्या राज्याने पाहिले आहे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडला.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या खालच्या कपाटात चिठ्ठी गळून पडलेल्या बाटल्या असतील. हुंगून त्या ओळखू नका, झाकणाशी झटू नका. त्यांच्यावर ‘अज्ञात’ असे लिहून आजची तारीख घाला, त्या वेगळ्या ठेवा आणि गुरुजींच्या काळची साठानोंदवही कोठे आहे ते शोधा.