मोडायला हक्काचं एक मशीन



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आमच्या घरातल्या एका लहानशा डब्याबद्दल बोलणार आहे. मला नोकरी त्याच्यामुळे मिळाली, आणि आजवरची सगळ्यात लाजिरवाणी चूकही मी त्याच्यावरच केली.

मी सोलापूरची. बीसीए झाल्यावर मुलाखतींना जायचे तेव्हा एक प्रश्न ठरलेला असायचा : ‘प्रत्यक्ष सर्व्हर कधी सांभाळलाय का?’ सर्व्हर सांभाळल्याशिवाय नोकरी नाही, आणि नोकरी असल्याशिवाय कुणी सर्व्हरला हात लावू देत नाही. एका क्लासमध्ये चौकशी केली. फी अब्बांच्या दोन पगारांएवढी, आणि लॅबच्या दारावर पाटी : ‘सेटिंग बदलू नये.’ जिथे सेटिंग बदलायचं नाही तिथे शिकायचं तरी काय?

मग घरीच लॅब करायचं ठरवलं. त्यामागची कल्पना सोपी आहे. एका खऱ्या संगणकात अनेक काल्पनिक संगणक चालवता येतात. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र घरात राहतो. पण सगळे एकाच वाड्यातले भाडेकरू असतात. त्यांना जागा, वीज, पाणी वाटून देणारा जो मालक असतो त्याला हायपरव्हायझर म्हणतात. हे नवं नाही. आयबीएमने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती. आपल्या घरातल्या प्रोसेसरांना ही सोय इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये दिली. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं, म्हणजे हा मालक फुकट मिळायला लागला.

पहिली खरेदी फसली. मामूंच्या मुलाने भंगारातून एक रॅक सर्व्हर आणून दिला. लांबलचक, लोखंडी, रुबाबदार. सुरू केला की पंखे विमानासारखे ओरडायचे. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि अब्बा रात्रपाळी करून दिवसा झोपणारे. शिवाय विजेचं गणित. प्लगला लावायचं मीटर आणून मोजलं, तर काही काम नसतानाही १५० वॅट. म्हणजे महिन्याला १०८ युनिट. आमचं सगळ्या घराचं बिल तेव्हा ८० युनिटांच्या आसपास असायचं. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांच्या पुढचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं, हे इथल्या पालकांना सांगायला नको. दुसऱ्या महिन्यात तो सर्व्हर जिथून आला तिथे परत गेला.

नंतर मुंबईला एका लग्नाला गेले तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेला मिनी पीसी घेतला. कंपन्या कार्यालयांतून असे डबे काढून टाकतात. जाडजूड पुस्तकाएवढा आकार, सहा कोअर, आवाज जवळजवळ नाही. हा पडून असताना २५ वॅट खातो, महिन्याला १८ युनिट. तुमच्यापैकी कुणी घेणार असेल तर एवढं ध्यानात ठेवा : प्रोसेसरच्या मागे लागू नका, पैसे रॅमवर खर्च करा. भाडेकरूंच्या वेळा जुळल्या नाहीत तर प्रोसेसर वाटून घेता येतो, पण रॅम ज्याला दिली त्याचीच असते. मी ३२ जीबी केली. त्यातली ४ मालकाला राखून ठेवली, बाकीची सहा मशीनना वाटली. आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते आधी बघा. माझ्या डब्यात ते बंद होतं. मशीन का सुरू होत नाही हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

त्यावर मी प्रॉक्समॉक्स टाकलं. डेबियन लिनक्सवर उभं असलेलं, खुलं, फुकट. त्याऐवजी व्हीएमवेअर शिका असा सल्ला मिळाला होता. पण त्यांची फुकट आवृत्ती २०२४ च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि पुढच्या वर्षी परत आली. कंपनीच्या मर्जीवर आपली लॅब ठेवायची की नाही, ते तुम्ही ठरवा. विंडोज सर्व्हर मात्र शिकावाच लागतो. त्याची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते.

मग मी सगळं बिघडवायला लागले. नेटवर्क चुकीचं लावून स्वतःलाच बाहेर कोंडलं. नावं सांगणारा डीएनएस बंद पाडला आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाइल ठप्प केले. स्नॅपशॉट घ्यायचा, मोडायचं, मागे जायचं. वर्षभर हेच. एवढं धाडस मला आधी कुणी करू दिलं नव्हतं.

आणि इथेच माझं डोकं फिरलं. माझी थोरली बहीण, आपा, सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायांवर पीएचडी करत होती. तिच्याकडे ५८ मुलाखतींची ध्वनिमुद्रणं होती. मोबाइल भरला म्हणून ती कुरकुरत होती. मी ऐटीत म्हणाले, ‘माझ्या सर्व्हरवर टाक, सुरक्षित राहील.’ तिने टाकली आणि मोबाइलमधून पुसली.

माझी डिस्क १ टीबीची होती. पण मशीनना मिळून मी २ टीबीचं आश्वासन दिलं होतं. असं करता येतं, कारण खरी जागा लिहील तेव्हाच दिली जाते. भिशीसारखंच आहे हे : सगळे एकाच महिन्यात पैसे मागायला आले तर चालवणाऱ्याचं दिवाळं. एका रात्री प्रयोगाचं एक मशीन वेड्यासारखं लॉग लिहीत राहिलं आणि सकाळी डिस्क शंभर टक्के भरली. सगळी मशीन अडकली. मी घाबरले. जागा मोकळी करायला ते प्रयोगाचं मशीन पुसायचं ठरवलं. त्याचा नंबर १२१. मी टाइप केलं ११२.

पडद्यावरच्या खिडकीतून पुसलं असतं तर त्याने नंबर पुन्हा लिहायला लावला असता. मी आज्ञा लिहून पुसलं, तिथे कुणी काही विचारत नाही. ११२ मध्ये आपाचं सगळं होतं. स्नॅपशॉट होते, चार होते. पण स्नॅपशॉट त्याच मशीनचे, त्याच डिस्कवर. घर जळालं आणि विम्याचे कागद त्याच कपाटात.

मैत्रिणीला उतरवून घ्यायला पाठवलेल्या, गाइडना दिलेल्या अशा ३९ मुलाखती परत मिळाल्या. १९ गेल्या. आपा पुन्हा घरोघर फिरली. सोळा बायांनी परत सांगितलं. दोघी म्हणाल्या, एकदा सांगितलं की, आता पुन्हा नको. आणि एक आजी त्या दरम्यान वारल्या होत्या. आपाच्या वहीत त्यांची दीड पानं टिपणं आहेत. त्यांचा आवाज कुठेही नाही. आपा मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘अम्मीला सांगू नकोस.’ पुढे मुलाखतीत मला विचारलं, सगळ्यात मोठी चूक कोणती केलीत? मी ११२ चं सांगितलं. नोकरी तिथेच मिळाली, पण तो हिशेब मी अजून जुळवू शकलेले नाही.

आता घरात दोन डबे आहेत. एक मोडायचा. दुसऱ्यात घरच्यांचं सामान, त्यात मी प्रयोग करत नाही. एक लहान यूपीएस आहे. वीज गेली की यूएसबी वायरीतून निरोप जातो आणि मशीन नीट बंद होतात. रोज रात्री मोडायच्या डब्यातल्या मशीनची प्रत घरच्या डब्यात जाते, आणि दर रविवारी दोन्हींची एका बाहेरच्या डिस्कवर. तशा दोन डिस्क आहेत. एक आमच्याकडे, एक अक्कलकोटला खालाच्या कपाटात. ईदला अदलाबदल होते. आणि महिन्यातून एकदा एखादी प्रत वेगळ्या नंबराने परत उभी करते, नेटवर्क तोडून, नाहीतर एकाच पत्त्याची दोन मशीन भांडतात. त्यातली एखादी फाइल उघडून शेवटपर्यंत ऐकते. नुसती यादी बघून भागत नाही. यादीत नाव असतं आणि फाइल शून्य बाइटची असते, हेही मी पाहिलंय.

मोडायचा डबा आज सोबत आणलाय, या टेबलावर आहे. त्यात १२१ नंबरचं मशीन चालू आहे. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी पुढे या आणि ते पुसून टाका. मग सगळे मिळून परत आणू या. घाबरू नका, या.