कात्र्यांचे हात आणि भली माणसं

टिम बर्टनचा 'एडवर्ड सिझरहॅन्ड्स' १९९० च्या डिसेंबरात अमेरिकेत झळकला. तेव्हापासून हा चित्रपट पाहिलेली चार माणसं एकत्र आली की वाद बहुधा शेवटावरूनच पेटतो. नायिका किम परत वर, एडवर्डकडे, का गेली नाही? एवढं प्रेम होतं, तर म्हातारी होईपर्यंत त्या टेकडीकडे तिनं पाठ का फिरवली? हा प्रश्न मी रागानं विचारलेला ऐकला आहे आणि डोळे पुसत विचारलेलाही ऐकला आहे. आज त्या प्रश्नापर्यंत मी जरा आडवाटेनं जाणार आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. टेकडीवरच्या वाड्यात एका वृद्ध संशोधकानं माणूस घडवला. हृदय दिलं, शिष्टाचार शिकवले, कविता वाचून दाखवली. हात तेवढे बसवायचे राहिले होते. तयार झालेले हात त्याच्यापुढे धरले असतानाच संशोधक कोसळला आणि गेला. एडवर्डला पंजांच्या जागी कात्र्या राहिल्या त्या कायमच्याच. पुढे पेग बॉग्ज ही बाई त्याला टेकडीखालच्या वसाहतीतल्या आपल्या घरी आणते, आणि तिची मुलगी किम त्याच्यावर प्रेम करू लागते. संशोधक व्हिन्सेंट प्राइस यांनी साकारला. लहानपणापासून बर्टन यांचं ज्यांच्यावर प्रेम होतं, ते हे नट. मोठ्या पडद्यावरची त्यांची ही शेवटची महत्त्वाची भूमिका ठरली.

कात्र्यांचे हात असलेल्या मुलाचं चित्र बर्टन यांनी किशोरवयातच काढलं होतं. कॅलिफोर्नियातल्या बर्बँकच्या एकसारख्या घरांमध्ये एकटं पडलेल्या मुलाचं ते चित्र. पुढे कॅरोलिन थॉम्पसन यांनी त्यावर पटकथा लिहिली. चित्रीकरणासाठी फ्लोरिडात टँपाजवळची खरीखुरी वसाहत घेतली आणि तिथली घरं फिक्या गुलाबी, पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगांत रंगवून काढली.

काही प्रेक्षकांची तक्रार अशी की या वसाहतीतली माणसं व्यंगचित्रासारखी आहेत, खरी वाटत नाहीत. मला ती पुरेशी खरी वाटतात. नवा माणूस आला की फोनाफोनी करणारी, त्याच्याकडून झुडपांचे प्राणी, कुत्र्यांचे केस आणि मग स्वतःचे केस कापून घेणारी, आणि एक दिवस बिनसलं की 'आम्हाला आधीपासूनच शंका होती' म्हणणारी माणसं पाहायला फ्लोरिडाला जावं लागत नाही. यावर फार थांबत नाही.

दुसरी तक्रार वजनदार आहे. शेवटी एडवर्डच्या हातून किमचा मित्र जिम याचा जीव जातो. इतक्या मवाळ जिवाच्या हाती खून का दिला, असं अनेकांना वाटतं. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दोनच तारे दिले आणि शेवटावर नाराजी नोंदवली. मी त्यांच्याशी अर्धा सहमत आहे. जिम त्याला बडवतो तेव्हा एडवर्ड हात उचलत नाही, किमवर वार झाल्यावर उचलतो. हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. पण त्या मरणाचं ओझं एडवर्डच्या मनावर कसं पडलं, हे पाहायला चित्रपट क्षणभरही थांबत नाही. एडवर्ड झालेल्या जॉनी डेपनं संबंध चित्रपट मोजक्या शब्दांत आणि डोळ्यांनी पेलला आहे. तिथं त्याला एक शांत दृश्य मिळायला हवं होतं.

आता पेग बॉग्जकडे येतो, कारण प्रेक्षक तिच्याबद्दल फारच कमी बोलतात. डायन वीस्टनं ही बाई अशी उभी केली आहे की तिच्यावर माया जडते. एव्हॉनची प्रसाधनं दारोदार विकणारी, दिवसभर कुणी काही घेत नाही म्हणून खट्टू झालेली पेग गाडीच्या आरशात वाडा बघते आणि तिथं जाते. माळ्याच्या कोपऱ्यात भेदरलेला मुलगा दिसतो. ती आधी घाबरते, मग त्याच्या चेहऱ्यावरचे व्रण तिला दिसतात आणि तिची पेटी उघडते. त्याला ती थेट घरी घेऊन येते. घरीही ती पुन्हा पुन्हा त्याच्या चेहऱ्यावर क्रीम लावते, छटा बदलते, मिसळते, पुसते, पुन्हा लावते. तिच्या बोटांत निव्वळ माया आहे. पण त्या मायेची धडपड व्रण झाकण्याची आहे.

पुढे एडवर्ड टीव्हीच्या कार्यक्रमात जातो, तेव्हा प्रेक्षकांतली एक बाई त्याला सांगते की साधे हात मिळाले तर तू चारचौघांसारखा होशील, मग तुझं वेगळेपण काय उरणार? त्याला चारचौघांसारखंच व्हायचं आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसतं. पेग लगेच म्हणते की काही झालं तरी एडवर्ड खासच राहील. प्रेमानंच म्हणते. पण त्याला काय हवं आहे ते तीही ऐकत नाही.

आणि वसाहत उलटल्यावर हीच पेग किमला म्हणते की त्यानं परत वर जावं हेच बहुधा बरं. तिथं तो सुरक्षित राहील, आणि आपलंही सगळं पूर्वीसारखं होईल. हे वाक्य मला त्या जमावाच्या आरड्याओरड्यापेक्षा जास्त लागतं. ते वाईट माणसाचं नाही. त्या गावातल्या सगळ्यांत चांगल्या बाईचं आहे आणि त्यात खोटं काही नाही.

पोलिस अधिकारी ॲलन आठवतो का? एडवर्डला कोठडीतून सोडताना तो मानसतज्ज्ञाला विचारतो की हा बाहेर नीट राहील ना. रात्रभर त्याला एडवर्डची काळजी वाटते. शेवटी जमाव मागे लागल्यावर तो एडवर्डला वाड्याकडे पळ म्हणतो आणि हवेत गोळ्या झाडतो, म्हणजे लोकांना वाटावं की संपला. त्याच्या हातात त्या क्षणी एवढंच आहे, आणि तो ते मनापासून करतो.

म्हणून किमवर रागावणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तिला एकटीला पकडू नका. पेगला मायेपोटी त्यानं वर जाणंच बरं वाटलं, ॲलननं जीव वाचवण्यासाठी तिकडंच पळवलं, आणि किमनं वाड्यातला कात्र्यांचा एक जादा हात जमावापुढे धरून 'तो मेला' असं सांगितलं. त्या खोट्यानं एडवर्ड वाचला. पण जो मेला असं तिनं स्वतःच्या तोंडानं जाहीर केलं, त्याला भेटायला ती त्याच वसाहतीतून, त्याच शेजाऱ्यांच्या खिडक्यांसमोरून टेकडी कशी चढणार होती? एकदा जरी दिसली असती, तरी जमाव पुन्हा वर गेला असता. म्हातारपणी नातीला ती वेगळं कारण देते. मी तरुण होते तशीच त्याच्या आठवणीत राहावी, असं म्हणते. तेही खरंच असेल. पण तिचं न जाणं हे तिच्या प्रेमाच्या उणेपणाचं लक्षण मानणाऱ्यांनी ते हाताचं दृश्य पुन्हा एकदा पाहावं आणि तिच्यासमोर कोण कोण उभं आहे तेही पाहावं.