हंपीची सावकाश यात्रा

होस्पेटच्या स्थानकावर सकाळी उतरावे, दिवसभरासाठी गाडी ठरवावी आणि रात्रीच्या गाडीने परत फिरावे, असा हंपीचा प्रवास पुष्कळजण करतात. परत आल्यावर दगडी रथ, कमळमहाल, हत्तीशाळा ही नावे त्यांना भराभर सांगता येतात. पण यांतले कोणते कोठे होते आणि एकापासून दुसऱ्याकडे माणसे कोणत्या वाटेने जात असत, असे विचारले की उत्तर अडते. शहर म्हणजे इमारतींची यादी नव्हे. देऊळ, बाजार, पाणी आणि राजवाडा यांना जोडणारी वाट म्हणजे शहर. ती वाट पायाखालून गेल्यावाचून उद्ध्वस्त झालेले नगर मनात पुन्हा उभे राहत नाही. हंपीला सावकाश जावयाचे ते यासाठी.

तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावरील या नगराचा प्रारंभ १३३६ साली हरिहर व बुक्क या बंधूंनी केला, असे परंपरा मानते. कृष्णदेवरायाच्या काळी, १५२० च्या सुमारास, दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी येथे आला. त्याला हे नगर रोमइतके मोठे वाटले. पुढे १५६५ च्या जानेवारीत दक्षिणेतील सुलतानांच्या संयुक्त फौजांनी रामरायाचा पराभव केला आणि विजयी सैन्याने नगर लुटून उद्ध्वस्त केले. दोन शतकांहून अधिक काळ उभारलेले नगर काही महिन्यांत ओस पडले. १९८६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेला येथील प्रदेश सुमारे ४२ चौरस किलोमीटरांचा असून त्यात १६०० हून अधिक अवशेष आहेत. एवढ्या पसाऱ्यात सर्व काही पाहू म्हणणाऱ्याच्या हाती धाप तेवढी लागते. म्हणून बेत आखताना काय गाळावयाचे, हे आधी ठरवावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात सुखाचा. उन्हाळ्यात येथील प्रचंड शिळा तव्यासारख्या तापतात. हिवाळ्यातही भर दुपार विश्रांतीसाठी राखून ठेवावी. गोव्याहून लोंढा, हुबळी, गदग या मार्गाने रेल्वे होस्पेटला येते. बेळगावकरांना हुबळी-गदगवरून मोटारीनेही येता येते. मुक्काम तीन दिवसांचा असावा.

पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो. त्या दिवशी विरूपाक्षाचे दर्शन पुरे. नगर ओस पडले, तरी या देवळात पूजाअर्चा चालू आहे. अवशेषांच्या गावात घंटेचा नाद ऐकू येतो, तो येथे. गाभाऱ्यामागील अंधाऱ्या जागेत एका झरोक्यातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची उलटी छाया पडते. मुलांना ती जरूर दाखवावी. संध्याकाळी शेजारच्या हेमकूट टेकडीवर जाऊन सूर्यास्तापर्यंत नुसते बसावे. देवळासमोरचा लांब बाजार, नदी आणि शिळांचे डोंगर येथून एका दृष्टिक्षेपात येतात आणि दुसऱ्या दिवशीची वाट आपोआप समजते.

दुसरा दिवस राजवाड्याच्या परिसराला द्यावा. येथे हजारराम मंदिराला घाई करू नये. त्याच्या भिंतींवर रामायण कोरलेले आहे. आजीने नातवाला बोट धरून प्रदक्षिणा घालावी आणि कथा सांगत जावे, इतके ते सुगम आहे. जवळच महानवमीचा भव्य चौथरा आहे. तेथून पायऱ्यांच्या पुष्करणीकडे वळावे. ही पुष्करणी अनेक शतके मातीखाली होती. १९८० नंतरच्या दशकात उत्खननात ती वर आली. तिच्या काळसर दगडांवर कोणता दगड कोठे बसवावयाचा याच्या खुणा पाथरवटांनी कोरून ठेवल्या आहेत. राजाचे नाव सांगणारे शिलालेख पुष्कळ असतात; कारागिराचा हात दिसतो, तो अशा खुणांत. तिच्यापर्यंत पाणी आणणारी दगडी पन्हळ आता कोरडी आहे. परंतु विजयनगरच्या काळातील काही कालवे अजून वाहतात आणि त्यांच्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत. राजाच्या पुष्करणीचे पाणी आटले, शेतकऱ्याच्या पाटाचे आटले नाही, ही गोष्ट परतीच्या वाटेवर ध्यानात येते. थकव्याने या दिवशी कमळमहाल राहिला, तर राहू द्यावा.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाजाराच्या टोकापासून नदीकाठाने विठ्ठल मंदिराकडे निघावे. वाट सुमारे दोन किलोमीटरांची. कोदंडराम आणि पुरंदरदासांचा मंडप या वाटेवरच लागतात. ज्यांना चालवत नाही, त्यांना दुसऱ्या बाजूने मोटारीने यावे लागते; तेथून पुढे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची सोय असते. देवळातील खांबांतून सूर निघतात म्हणून पूर्वी लोक ते वाजवून पाहत. आता त्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

रथापाशी गर्दी होण्याआधी गाभाऱ्यापर्यंत जावे. तो रिकामा आहे. पंढरीची मूर्ती विजयनगरच्या राजाने येथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी वारकरी परंपरा आहे. इतिहासाच्या कसोटीवर या कथेचे काहीही होवो, घरातील ज्या वृद्धेने आयुष्यभर पंढरीची वारी केली, तिला या रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभे राहिल्यावर जे वाटेल, ते मार्गदर्शकाच्या पाठ केलेल्या माहितीतून मिळणारे नाही. तिला तेथे हवा तितका वेळ उभे राहू द्यावे. ‘चला, अजून चार ठिकाणे व्हायची आहेत,’ असे कोणी म्हणू नये. तीन दिवसांचा बेत आखावयाचा, तो तिला ही सवड मिळावी म्हणूनच.