ग्रुपातून काका ‘लेफ्ट’ झाले

मागचे दोन शनिवार भाग आला नाही, त्याबद्दल आधी माफी. मी कारंज्याच्या एका डीटीपीवाल्या दादांची वीस जीबीची हार्ड डिस्क घेऊन बसलो होतो. वीस जीबी म्हणजे आज तुमच्या मोबाइलमधली एखादी गेम. पण त्या डिस्कवर १९९९ पासूनच्या लग्नपत्रिका, दहाव्या-तेराव्याचे कागद, पोहरादेवीच्या यात्रेची पत्रकं, गणपती मंडळांच्या पावत्या आणि एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असं सगळं होतं. मशीन सुरू होईना म्हणून दादांनी आमच्या ग्रुपवर मेसेज टाकला.

आता हा ग्रुप कोणता, ते नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. जुने कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या, नुसतेच त्यांच्यावर जीव असणाऱ्या लोकांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा इथले लोक आहेत, अकोला-अमरावतीचेही आहेत. मी पुण्यात नोकरी करतो, पण घर मंगरुळपीरकडचं. दिवाळीत भंगारवाल्याकडून पहिला पेंटियम उचलून आणला तेव्हा आई म्हणाली, “हे डबडं काहून आणलं रे घरात?” तिला मी आजपर्यंत नीट उत्तर देऊ शकलेलो नाही.

कोणाला वाटेल, वाशिमात जुने कॉम्प्युटर कुठले? तर ऐका. ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, ते विजय भटकर मुरंब्याचे. मूर्तिजापूर तालुका, जिल्हा अकोला. आणि आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी आपण अकोला जिल्ह्यातच होतो. म्हणजे माणूस आपल्याच जिल्ह्यातला, हे मी ग्रुपवर इतक्यांदा सांगितलंय की आता कोणी अंगठासुद्धा देत नाही. पण कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच सी-डॅकचं ‘जिस्ट कार्ड’ होतं. ते मशीनच्या आत स्लॉटमध्ये बसवलं की इंग्रजी डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. पुढे विंडोज आलं, ‘श्री-लिपी’सारखी पॅकेजं आली, आणि गावोगावी डीटीपीची दुकानं निघाली. आपल्या भागात कॉम्प्युटर आधी आला तो खेळायला नाही, पत्रिका छापायला.

तर ग्रुप सुरू केला होता एका काकांनी. नाव नाही सांगत, त्यांच्या घरच्यांना आवडणार नाही. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, नव्वदनंतर कॉम्प्युटर. काका टाइप करत नसत. कोणी काहीही विचारलं की दोन मिनिटांची व्हॉइस नोट यायची. मदरबोर्डवरचा फुगलेला कपॅसिटर नुसत्या फोटोवरून ओळखायचे. ३८६-४८६ च्या बोर्डावर निळ्या गोळीसारखी चार्ज होणारी बॅटरी असते, ती गळून तांब्याच्या रेघा खाते. ते हिरवं पडलेलं व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसायचं आणि मग स्पिरिटनं, हे त्यांनीच शिकवलं. हार्ड डिस्कबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “आधी कापी काढ, मंग दुरुस्ती. बिमार माणसाले कोनी पळवत नसते, बावा.”

काका दोन वर्षांपूर्वी गेले.

त्यानंतर आमच्या ग्रुपचं काय झालं, हे सांगायचं म्हणून आजचा भाग. काका एकटेच अॅडमिन होते. कोणाच्या डोक्यातच आलं नाही की दुसरा अॅडमिन करून ठेवावा. काही आठवड्यांनी एका मेंबरचं अकाउंट हॅक झालं आणि ग्रुपवर कर्जाच्या अॅपच्या जाहिराती सुरू झाल्या. दिवसाला वीस-वीस. त्याला काढायचं तर अॅडमिन पाहिजे, आणि अॅडमिन या जगात नाही. लोक कंटाळून निघायला लागले. नवीन ग्रुप काढू या असं दोघा-तिघांनी सुचवलं, पण खरं सांगतो, काकांचा नंबर ज्या ग्रुपात आहे तो सोडून जायला कोणाचं मन होत नव्हतं. माझंही नाही.

मग एका सकाळी ग्रुपवर ओळ दिसली: काकांचा नंबर आणि पुढे ‘लेफ्ट’. छातीत धस्स झालं. नंतर कळलं की १२० दिवस कोणी वापरलं नाही की व्हॉट्सअॅप अकाउंट काढून टाकतं. आणि शेवटचा अॅडमिन गेला की तेच आपल्या मनानं दुसऱ्या कोणाला तरी अॅडमिन करतं. आमच्यात तो मान मिळाला रिसोडच्या एका भाऊंना, ज्यांनी तीन वर्षांत फक्त ‘शुभ सकाळ’ची फुलं पाठवली होती. पण त्या भाऊंनी पहिल्याच तासात त्या जाहिरातवाल्याला काढलं आणि आम्हा चार जणांना अॅडमिन केलं. त्यांच्या फुलांना आता कोणी हसत नाही.

आता परत त्या डिस्ककडे येतो, कारण माझी चूक इथे आहे. मी बी.टेक., सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, आणि तरीही मी काय केलं? अॅडॉप्टर लावून ती डिस्क सरळ विंडोजला जोडली, विंडोजनं एरर दाखवला आणि मी चेकडिस्क चालवलं. डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला तेव्हा काकांचं वाक्य आठवलं. मरायला टेकलेल्या डिस्कला मी पळवत होतो. मग बंद केली, रात्रभर तशीच ठेवली आणि लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ लावलं. हे टूल आधी सहज वाचता येईल तेवढं उचलून घेतं, खराब जागा सोडून पुढे जातं, आणि कुठवर आलो याची नोंद फाइलीत ठेवतं, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. आपल्याकडे लाइट जातेच. अकरा दिवस लागले. बरंचसं आलं. चेकडिस्कनं जे विस्कटलं ते माझ्या माथी.

त्या रात्री मी काकांच्या डिस्कवरच्या जुन्या व्हॉइस नोट शोधत होतो. सापडल्या नाहीत. मध्ये मी फोन बदलला होता, बॅकअप घेतला नव्हता. दुसऱ्यांना विचारलं तर कोणी ‘स्टोरेज फुल’ म्हणून उडवलेल्या, कोणी कधी डाउनलोडच केल्या नव्हत्या. सात-आठ वर्षांचं शहाणपण आणि ते कुठे होतं, तर पन्नास लोकांच्या पन्नास मोबाइलांत, थोडं थोडं, आणि रोज कमी होत.

तुमच्यातल्या किती जणांना ऑर्कुट आठवतं? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. त्यावर कॉलेजांच्या, गावांच्या, मराठी सिनेमा-गझलांच्या कम्युनिट्या होत्या. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं. याउलट ‘मायबोली’ १९९६ पासून अजून चालू आहे, कारण जागा त्यांची स्वतःची आहे आणि कोणीतरी ती रोज झाडतं. आम्ही भाड्याच्या घरात राहतो आणि घरमालकाला आमचं नावही माहीत नाही.

म्हणून आम्ही हाका मारत सुटलो. ज्याच्या फोनमध्ये काकांची नोट असेल त्यानं पाठवा. एकसष्ट मिळाल्या. काकांच्या मुलीनं त्यांच्या फोनमधून चौदा दिल्या आणि एवढंच म्हणाली, “सगळं झाल्यावर मलाही एक कॉपी द्या दादा, माझ्याकडे बाबांचा आवाज कामातला नाही, फक्त घरातला आहे.” या नोटा आता तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक हार्ड डिस्क वाशिमात एकाच्या कपाटात. आणि प्रत्येक नोट आम्ही लिहून काढतोय, कारण आवाजात शोधता येत नाही. ‘कपॅसिटर’ असा शब्द टाकला तर नोट सापडली पाहिजे. या पॉडकास्टचा मजकूर मी दर वेळी लिहून टाकतो तो त्याच अनुभवामुळे. लिहिताना काकांची वऱ्हाडी तशीच ठेवायची यावरून ग्रुपात दोन दिवस भांडण झालं. ठेवली.

दुसरं भांडण पैशांवरून. कोणीतरी ‘चालू ३८६, दोन हजार अॅडव्हान्स’ म्हणून पैसे घेऊन गायब झाला. तेव्हापासून ग्रुपात अॅडव्हान्स बंद. वस्तू बघा, मग पैसे द्या. चर्चा संपली.

फायली मिळाल्या, पण उघडायच्या कशा? जुन्या मराठी फाँटची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. ‘वाशिम’ घ्या. आपण युनिकोडमध्ये आधी ‘श’ ठेवतो, मग वेलांटी. जुन्या फाँटमध्ये वेलांटी आधी, कारण डोळ्याला ती आधी दिसते. आणि ‘श’सुद्धा अख्खा नसतो बऱ्याचदा, अर्धा ‘श्’ आणि एक उभी काठी. ‘मार्च’मधला रफार ‘च’च्या नंतर टाकलेला, युनिकोडला मात्र तो ‘च’च्या आधी ‘र्’ म्हणून पाहिजे. फाँट काढून घेतला की पडद्यावर नुसता इंग्रजी कचरा. मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, आधी तुकडे बदलायचे, मग वेलांट्या आणि रफार जागेवर न्यायचे. पत्रिका वाचता यायला लागल्या. पहिली उघडली ती २००१ ची, मानोऱ्याकडची, ‘आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ असं खाली बाळांच्या नावानं. ती बाळं आता माझ्या वयाची असतील.

कारंज्याचंच आहे म्हणून सांगतो, तिथल्या जैन भांडारांत कित्येक शतकांपूर्वीच्या हस्तलिखित पोथ्या आहेत. पुष्पदंताच्या दहाव्या शतकातल्या अपभ्रंश काव्याच्या पोथ्याही तिथे मिळाल्या आणि १९३० च्या दशकात कारंजा जैन सीरिजमध्ये छापून आल्या. पोथी उघडली की वाचणारा लागतो, एवढंच. आमच्या पंचवीस वर्षांच्या फाइलीला मशीन लागतं, विंडोज ९८ लागतं, सॉफ्टवेअर लागतं आणि वर डोंगल लागतं.

डोंगल म्हणजे प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लावायची कुलपासारखी डबी. ती नसली तर सॉफ्टवेअर उघडत नाही. दादांकडे डबी आहे, जपून ठेवलीय, कुंकवाच्या करंड्याशेजारी. पण आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नाही, आणि यूएसबीचं जे कन्व्हर्टर मिळतं ते प्रिंटर चालवतं, अशा डबीला सहसा ओळखत नाही. शाळेची स्मरणिका नेमकी त्या सॉफ्टवेअरच्याच फाइलीत आहे, माझ्या स्क्रिप्टला ती दाद देत नाही. छापील प्रती वाळवीनं खाल्ल्या. शाळेच्या पहिल्या बॅचची नावं त्यात आहेत, आणि त्या बॅचमधले एक आजोबा दादांच्या दुकानात दर आठवड्याला चौकशीला येतात.

रिसोडच्या भाऊंना, हो, तेच फुलांचे भाऊ, त्यांना एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासमध्ये पॅरलल पोर्टचं पेंटियम थ्री सापडलंय. पॉवर सप्लाय मेला आहे, बोर्डावर तीन कपॅसिटर फुगलेत. ते कसे बदलायचे याची काकांची नोट आहे, एकोणचाळिसावी, त्यात मागे कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू येते. शनिवारी मी गावी जातोय, सोल्डरिंग आयर्न घेऊन. मशीन सुरू झालं तर पहिल्या बॅचमध्ये कोण कोण होतं ते पुढच्या भागात.