नौकेच्या डिझेल टाकीतील बुरशी : पावसाळी बंदीपूर्वी घ्यावयाची काळजी



कृषिविद्येचा अध्यापक तुमच्या नौकेच्या टाकीविषयी काय सांगणार, असे तुम्हांला वाटेल. पण ओल मिळाली की बुरशी जशी शेतात वाढते, तशी ती डिझेलच्या टाकीतही वाढते. हंगामाच्या पहिल्याच फेरीत, भर समुद्रात इंजिन बंद पडण्याचे हे एक कारण आहे.

जून-जुलैच्या बंदीत नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवतात. टाकी अर्धी रिकामी असली, तर रिकाम्या भागात दमट हवा शिरते. रात्री गारव्याने तिचे पाणी होते. झाकणाचे वायसर खराब असल्यास पावसाचे पाणीही आत जाते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. बुरशी व जिवाणू या पाण्यात राहतात आणि वरचे डिझेल खातात. हॉर्मोकोनिस रेझिनी ही त्यांतील प्रमुख बुरशी होय. काही जण या बुळबुळीत थराला शेवाळ म्हणतात. परंतु शेवाळाला उजेड लागतो आणि टाकीत अंधार असतो. म्हणून ते शेवाळ नव्हे.

नौका उभी असताना हा थर तळाशी स्वस्थ असतो. लाटांवर नौका हलू लागली की तो ढवळला जातो आणि फिल्टर चोंदतो. शिवाय या जिवाणूंपासून तयार होणाऱ्या आम्लांमुळे लोखंडी टाकी आतून गंजते.

हे ओळखावे कसे? टाकीच्या तळाच्या कॉकमधून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या व अर्धा तास स्थिर ठेवा. खाली पाणी आणि मध्ये काळपट-तपकिरी, चिकट पडदा दिसला, तर टाकी बिघडली आहे असे समजा. फिल्टर वारंवार चोंदणे ही दुसरी खूण.

बंदीपूर्वी पुढील कामे करावीत :

१. तळाचे पाणी काढून टाकावे. पाणी नाही तर बुरशी नाही, हे मुख्य सूत्र.

२. प्रसरणापुरती जागा सोडून टाकी भरून ठेवावी. ते परवडत नसल्यास पूर्ण रिकामी, कोरडी करून बंद ठेवावी.

३. झाकणाचे वायसर बदलावे व हवेच्या नळीतून पाणी जात नाही ना, ते पाहावे.

४. बुरशी आढळल्यास टाकी साफ करून घ्यावी. नंतर डिझेलसाठीचेच जंतुनाशक लेबलवरील प्रमाणात, हातमोजे घालून वापरावे. शेतातील बुरशीनाशक किंवा फिनेल टाकू नये. औषधानंतर मेलेला थर सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून जादा फिल्टर जवळ ठेवावेत.

५. टाकीत डोके घालू नये अथवा आत उतरू नये. कुजक्या अंड्यासारखा वास विषारी वायूचा असतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे नव्हे. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे. काढलेला गाळ समुद्रात ओतू नये.

बंदी उठल्यावर पुन्हा बाटलीची परीक्षा करावी, पाणी काढावे आणि मगच इंजिन सुरू करावे. तांडेल व खलाशांना फिल्टर बदलणे आणि त्यानंतर इंधन नळीतील हवा काढणे आलेच पाहिजे.

शेतकरी बंधूंनो, हंगामानंतर उभा राहणारा तुमचा ट्रॅक्टर व डिझेल पंप यांनाही हेच लागू आहे.

बाटलीभर डिझेल तपासायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासावर नौकेतील साऱ्यांचे सुखरूप परतणे अवलंबून असू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.